परदेशी पासपोर्टवरची घरची माणसं गोव्यात येणार असतील तर: व्हिसाचा अर्ज कसा करावा

नातू आपल्याच घरचा असला तरी त्याच्या नावावर ब्रिटिश किंवा पोर्तुगीज पासपोर्ट असेल, तर भारतात उतरायला त्याला व्हिसा लागतो. नातू तीन महिन्यांचा असला तरी लागतो. आईच्या पासपोर्टवर किंवा आईच्या व्हिसावर मूल आणता येत नाही. चवथीला येणाऱ्यांची तिकिटं कितीतरी आधी निघतात आणि व्हिसाचा विषय मात्र शेवटच्या पंधरवड्यात निघतो, असं गोव्यातल्या घराघरांत चालतं. क्रम उलटा करा: आधी कागद, मग व्हिसा, मग तिकीट.

हे मार्गदर्शन गोव्यात राहणाऱ्या भारतीय नागरिकांसाठी आहे, ज्यांचे पती-पत्नी, मुलं, जावई, सून, नातवंडं किंवा व्याही परदेशी नागरिक आहेत. अर्ज त्यांनीच करायचा असतो, पण निम्मे कागद तुमच्या कपाटात असतात.

पहिला प्रश्न नागरिकत्वाचा

व्हिसाचा फॉर्म उघडण्याआधी येणारं प्रत्येक माणूस नेमकं कुठल्या देशाचं नागरिक आहे, हे एका कागदावर लिहून काढा. गोव्यात हा प्रश्न वाटतो तितका सरळ नसतो.

नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ९ प्रमाणे स्वेच्छेनं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. त्यामुळे मुलानं पोर्तुगीज पासपोर्ट घेतला असेल तर त्याचा जुना भारतीय पासपोर्ट, त्यावर मुदत शिल्लक असली तरी, वापरायचा नसतो. एका पासपोर्टवर इंग्लंडमधून निघायचं आणि दुसऱ्यावर गोव्यात उतरायचं, असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तो गुन्हा आहे आणि पुढचा व्हिसा किंवा ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं, आयुष्यभर येण्याजाण्याची मुभा देणारं कार्ड) अडवून ठेवायला तेवढं पुरतं. अशा माणसानं आधी भारतीय पासपोर्ट परत करून त्याचं सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं असतं. पासपोर्ट बराच काळ जवळ ठेवला असेल किंवा मधे त्यावर प्रवास केला असेल तर दंड भरावा लागतो. पूर्वी भारतीय असलेल्या माणसाच्या व्हिसा अर्जासोबत हा कागद मागतात आणि तो मिळायला वेळ लागतो, म्हणून सगळ्यात आधी तो हातात घ्या.

परदेशात जन्मलेल्या मुलाची गोष्ट वेगळी. ३ डिसेंबर २००४ नंतर परदेशात जन्मलेल्या बाळाचे आई किंवा वडील भारतीय नागरिक असतील, तर जन्मापासून एका वर्षाच्या आत तिथल्या भारतीय वकिलातीत जन्माची नोंद करून बाळाला भारतीय नागरिकत्व मिळवता येतं. मात्र त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असं पालकांना लिहून द्यावं लागतं. बाळाचा परदेशी पासपोर्ट काढून झाला असेल तर ही वाट बंद झाली असं समजा आणि व्हिसाकडे वळा.

कोणता व्हिसा कुणाला

घरच्या माणसांसाठी मुख्य पर्याय तीन: ई-टुरिस्ट व्हिसा, एंट्री व्हिसा आणि ओसीआय कार्ड. निवड दोन गोष्टींवर ठरते. नातं कागदावर किती जवळचं आहे आणि मुक्काम किती दिवसांचा आहे.

दोन-तीन आठवड्यांच्या सुट्टीसाठी ई-टुरिस्ट पुरेसा आहे. नातेवाइकांना भेटणं हा त्या व्हिसाचा मान्य हेतू आहे, त्यामुळे ‘आम्ही पर्यटक नाही, घरी येतोय’ म्हणून संकोच करायचं कारण नाही. सुनेचे परदेशी आईवडील, म्हणजे तुमचे व्याही, लग्न न झालेला जोडीदार, चुलत-मावस नात्यातली परदेशी माणसं यांच्यासाठीही हाच व्हिसा.

एंट्री व्हिसा, ज्याला एक्स व्हिसा म्हणतात, हा भारतीय नागरिकाच्या परदेशी पती-पत्नीला आणि मुलांना, तसंच मूळ भारतीय वंशाच्या माणसांना व त्यांच्या पती-पत्नी-मुलांना मिळतो. तो बहुधा अनेक वेळा येण्याजाण्याच्या सोयीचा असतो आणि पाच वर्षांपर्यंतचा मिळू शकतो. बाळंतपणासाठी येणारी परदेशी सून, आजारी सासऱ्यांजवळ चार-सहा महिने राहायला येणारा जावई, शाळेसाठी वर्षभर गोव्यात ठेवायची नातवंडं यांनी एंट्री व्हिसाच घ्यावा. टुरिस्ट व्हिसावर मुलाला नियमित शाळेत घालता येत नाही. नोकरी मात्र एंट्री व्हिसावरही करता येत नाही.

मुक्काम लांबू शकतो अशी थोडी जरी शंका असेल तर आमचं मत स्पष्ट आहे: खर्च आणि कागद जास्त लागले तरी एंट्री व्हिसा घ्या. ई-टुरिस्टची मुदत भारतात वाढवून मिळत नाही. घरात आजारपण निघालं, कुणी गेलं, बाराव्या-तेराव्यापर्यंत थांबायचं आहे, अशा वेळी ही अट फार जाचते.

ई-टुरिस्टचा अर्ज

सरकारी संकेतस्थळ एकच: इंडियनव्हिसाऑनलाइन डॉट गव्ह डॉट इन. शेवटी ‘गव्ह डॉट इन’ नसेल तर ते संकेतस्थळ सरकारी नाही, मग वर अशोकस्तंभ असो की तिरंगा. शोधयंत्रात पहिली दिसणारी जाहिरात बहुधा खासगी दलालाची असते. ते दुपटी-तिपटीनं पैसे घेतात आणि त्याहून वाईट म्हणजे फॉर्ममधल्या चुका अर्जदाराच्या नावावर जमा होतात.

३० दिवसांचा, १ वर्षाचा आणि ५ वर्षांचा असे तीन प्रकार आहेत. ३० दिवसांच्या व्हिसाचा अर्ज येण्याच्या तारखेआधी ३० दिवसांच्या आतच भरता येतो. वर्षाचा आणि पाच वर्षांचा १२० दिवस आधीपासून भरता येतो. उशिरात उशिरा येण्याच्या ४ दिवस आधी अर्ज आणि शुल्क झालेलं असावं. उत्तर साधारण ३ दिवसांत येतं, पण सरकारी सुट्ट्या आणि फोटो परत मागवणं धरून आठ-दहा दिवस हाताशी ठेवा. शुल्क देशागणिक वेगळं आहे, त्यावर बँकेचा आकार लागतो आणि अर्ज नामंजूर झाला तरी ते परत मिळत नाही.

तारखांचा घोळ इथे नेहमी होतो. ३० दिवसांच्या व्हिसावर छापलेली शेवटची तारीख ही कधीपर्यंत भारतात शिरता येईल याची असते, आणि राहण्याचे ३० दिवस उतरल्या दिवसापासून मोजतात. वर्षाच्या आणि पाच वर्षांच्या व्हिसाची मुदत मात्र मंजुरीच्या तारखेपासून सुरू होते. म्हणून जूनमध्ये घेतलेला वर्षाचा व्हिसा पुढच्या वर्षीच्या चवथीला कामाचा नसतो. शिवाय पाच वर्षांचा व्हिसा म्हणजे सलग पाच वर्षं राहण्याची परवानगी नव्हे. एका खेपेला किती दिवस राहता येईल याची मर्यादा राष्ट्रीयत्वानुसार ठरते आणि मंजुरीच्या कागदावर लिहिलेली असते. ती वाचल्याशिवाय परतीचं तिकीट काढू नका.

फोटो चौकोनी, म्हणजे उंची-रुंदी सारखी, पांढरी पार्श्वभूमी, चष्मा काढलेला, जेपीजी प्रकारात १० केबी ते १ एमबी. पासपोर्टच्या माहितीच्या पानाची प्रत पीडीएफमध्ये १० ते ३०० केबी. मोबाइलनं काढलेल्या पानावर दिव्याची चकाकी पडली किंवा तळाच्या, यंत्रानं वाचायच्या दोन ओळी कापल्या गेल्या की अर्ज परत येतो. तान्ह्या बाळाचा फोटो पांढऱ्या चादरीवर निजवून वरून काढावा. आधार देणारा आईचा हात दिसला तर फोटो चालत नाही. पासपोर्टची मुदत येण्याच्या दिवसापासून किमान ६ महिने शिल्लक हवी आणि दोन पानं कोरी हवीत. मुलांचे पासपोर्ट मोठ्यांपेक्षा लवकर संपतात, हे सगळ्यांच्या लक्षात येतंच असं नाही.

फॉर्म सुरू केला की एक तात्पुरता अर्ज क्रमांक मिळतो. तो लगेच लिहून ठेवा. वीज गेली, पान बंद पडलं तर त्याच क्रमांकावरून पुढे चालू करता येतं.

आता काही रकाने, जिथे घरचे लोक अडखळतात.

नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच भरायचं, मधलं नाव गाळायचं नाही. लग्नानंतर नाव बदललं असेल तर ‘नाव कधी बदललं आहे का’ याला होय म्हणून जुनं नाव द्यायचं. एखाद्याकडे ब्रिटिश आणि पोर्तुगीज असे दोन पासपोर्ट असतील तर दुसराही नोंदवायचा. ज्या पासपोर्टवर व्हिसा काढला त्यावरच प्रवास करायचा.

आईवडिलांचं राष्ट्रीयत्व, पूर्वीचं राष्ट्रीयत्व आणि जन्मस्थान विचारतात. सोबत आणखी एक प्रश्न असतो: आईवडील किंवा आजीआजोबांपैकी कुणी पाकिस्तानचे नागरिक होते का, किंवा तिथले होते का. गोव्याच्या बाबतीत हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण फाळणीपूर्वी कराचीत गोंयकारांची मोठी वस्ती होती आणि त्यातली काही कुटुंबं पुढे तिथेच राहिली, काही इंग्लंड-कॅनडाला गेली. सुनेचे आजोबा कराचीचे निघाले तर ते लपवू नका. पाकिस्तानी मूळ असलेल्यांना ई-व्हिसा मिळत नाही. त्यांनी वकिलातीत कागदी अर्ज करायचा असतो आणि त्याला बराच जास्त वेळ लागतो. आजोबा फाळणीआधीच गोव्यात किंवा मुंबईत परतले असतील तर तसा पुरावा जोडा. लग्नाच्या तारखेआधी चार आठवडे हे कळून काही उपयोग नाही, म्हणून पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

सैन्य, पोलीस किंवा सुरक्षा दलात नोकरी केली आहे का, हेही विचारतात. जावई ब्रिटिश सैन्यात होता तर होय लिहून हुद्दा आणि काळ द्यायचा. पत्रकारांनी आपला व्यवसाय खराच लिहावा. त्यांना अनेकदा वकिलातीतून कागदी व्हिसा घ्यायला सांगतात.

भारतातील संदर्भ म्हणून तुमचं नाव, पत्ता आणि फोन द्यायचा. पत्त्यात घर क्रमांक, वाडा, गाव, तालुका आणि पिन हवा. नुसतं ‘देवळाजवळ, मार्सेल’ चालणार नाही. फोन असा द्या जो तुम्ही खरंच उचलता.

येण्याचं ठिकाण म्हणून दाबोळी किंवा मोपा निवडता येतं. दोन्ही ठिकाणी ई-व्हिसावर उतरता येतं. विमान मुंबईमार्गे असेल तर इमिग्रेशन मुंबईतच होईल. फॉर्ममध्ये दुसरं विमानतळ लिहिलं होतं म्हणून अडवत नाहीत, मात्र ते ई-व्हिसासाठी ठरवलेल्या यादीतलं असावं लागतं.

शेवटी संकेतस्थळावर अर्जाची स्थिती ‘ग्रँटेड’ दिसते का ते पाहा आणि मंजुरीचा कागद छापून घ्या. ई-मेल आला म्हणजे मंजुरी मिळाली असं धरू नका. ‘अधिक माहिती हवी’ असाही ई-मेल येतो आणि तो बहुधा स्पॅममध्ये पडलेला असतो.

एंट्री व्हिसा: नात्याची साखळी

एंट्री व्हिसाचा फॉर्म त्याच संकेतस्थळावर, पण साध्या व्हिसाच्या विभागात भरायचा. तो छापून, सही करून, २ इंच बाय २ इंच फोटो लावून अर्जदार राहतो त्या देशातल्या भारतीय वकिलातीत किंवा तिनं नेमलेल्या केंद्रात द्यायचा. सुट्टीवर दुसऱ्या देशात असताना तिथून अर्ज केला तर वेळ वाढतो.

इथे सगळं काम नातं सिद्ध करण्याचं आहे. अधिकारी तुम्हाला ओळखत नाही. त्याच्यापुढे अर्जदारापासून तुमच्यापर्यंत एकही दुवा न तुटता कागद पोचले पाहिजेत. नातवाच्या बाबतीत साखळी अशी: नातवाचा जन्मदाखला, त्यावर त्याच्या आईचं नाव. आईचा जन्मदाखला किंवा जुना भारतीय पासपोर्ट, त्यावर तुमचं नाव. मग तुमचा पासपोर्ट. जावयासाठी विवाहाचा दाखला आणि मुलीचा पासपोर्ट.

साखळी तुटते ती ठरावीक जागी. इंग्लंडमध्ये जन्मदाखल्याचे दोन प्रकार मिळतात. छोट्या दाखल्यावर आईवडिलांची नावंच नसतात. नातं दाखवायला तो निरुपयोगी आहे, पूर्ण दाखला मागवा. पोर्तुगालचा दाखला पोर्तुगीजमध्ये असतो, म्हणून तिथल्या नोंदणी कार्यालयातून बहुभाषी आंतरराष्ट्रीय दाखला घ्या किंवा अधिकृत इंग्रजी भाषांतर जोडा. परदेशी दाखल्यांवर अपोस्टिल, म्हणजे दाखला खरा असल्याचा त्या देशाचा सरकारी शिक्का, करून ठेवलेलं बरं. व्हिसाला प्रत्येक ठिकाणी मागत नाहीत, पण ओसीआयला लागतंच आणि ते गोव्यात बसून करता येत नाही.

गोव्यातल्या जुन्या जन्मनोंदींचा एक मोठा फायदा आहे. नोंदीची पूर्ण नक्कल, म्हणजे तेओर, काढली तर त्यात आईवडिलांबरोबर दोन्हीकडच्या आजीआजोबांची नावंही असतात. एका कागदात दोन पिढ्या सिद्ध होतात. तेओर पोर्तुगीजमध्ये असेल तर इंग्रजी भाषांतर सोबत लागतं. नोंद तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे मिळते, फार जुनी असेल तर पणजीच्या पुराभिलेख खात्यात शोधावी लागते. नक्कल मिळायला किती दिवस लागतील याचा भरवसा नसतो, तेव्हा अर्ज आधीच करून ठेवा.

पण हेच तेओर नावांचा गोंधळही घेऊन येतं. पोर्तुगीज काळात शेणवी ‘सिनाय’ झाले, प्रभू ‘पोरोबो’ झाले, कामत ‘कामोतीम’ झाले. आजोबांच्या नोंदीत पोरोबो, वडिलांच्या मॅट्रिकच्या दाखल्यात प्रभू आणि मुलीच्या पासपोर्टवर तिसरंच काही, अशी स्थिती सर्रास असते. परदेशातल्या अधिकाऱ्याला ही एकाच घराण्याची नावं आहेत हे कळण्याचा मार्ग नाही. उपाय दोन. फरक फक्त स्पेलिंगचा असेल तर ‘ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं नोटरीपुढे केलेलं प्रतिज्ञापत्र, त्यात प्रत्येक कागदाचा क्रमांक आणि त्यावरचं नेमकं नाव. आडनावच वेगळं असेल तर गोव्याच्या १९९० च्या नाव व आडनाव बदल कायद्याखाली झालेल्या बदलाचे कागद. प्रतिज्ञापत्रावर प्रतिज्ञापत्र रचत जाण्यापेक्षा मूळ नोंद दुरुस्त करून घेणं लांब पल्ल्याला सोयीचं, कारण हीच साखळी पुढे ओसीआयला, वारसाहक्काला आणि घराच्या नोंदीला लागणार असते.

विवाहाचा दाखला सिव्हिल रजिस्ट्रारचा हवा. देवळातल्या लग्नाची पावती, हॉलचं बिल किंवा फोटो पुरावा ठरत नाहीत. परदेशात कायदेशीर नोंदणी झाली असेल तर तिथला दाखला चालतो.

तुमच्या बाजूनं एक निमंत्रणपत्र जोडा. साध्या कागदावर, इंग्रजीत, एका पानाचं. त्यात तुमचं पूर्ण नाव, पासपोर्ट क्रमांक, पत्ता, येणाऱ्यांची नावं व पासपोर्ट क्रमांक, प्रत्येकाशी नातं, येण्या-जाण्याच्या तारखा, कुठे राहणार आणि खर्च कोण करणार एवढंच असावं. सोबत तुमच्या पासपोर्टची प्रत आणि पत्त्याचा पुरावा म्हणून वीजबिल किंवा पंचायतीची घरपट्टीची पावती. वीजबिल अजून वडिलांच्या नावावर असेल, आणि गोव्यात ते बहुधा असतंच, तर तुमच्या नावाचा दुसरा पुरावाही लावा. पत्रातल्या तारखा आणि फॉर्ममधल्या तारखा जुळतात का ते पाठवण्याआधी एकदा वाचून पाहा.

अल्पवयीन मुलांसाठी दोन्ही पालकांच्या सहीचं संमतिपत्र आणि दोघांच्या पासपोर्टच्या प्रती लागतात. मूल एकाच पालकाबरोबर किंवा आजीआजोबांबरोबर प्रवास करणार असेल तर तसं पत्रात लिहावं आणि त्या पत्राची एक प्रत विमानतळासाठी हातात ठेवावी. पालक विभक्त असतील तर मुलाच्या ताब्याबद्दलचा न्यायालयाचा आदेश जोडावा लागतो. सही न येणाऱ्या मुलाचा अंगठ्याचा ठसा घेतात. आईनं मुलाच्या नावानं केलेली सही चालत नाही.

येण्याच्या आठवड्यात

१ ऑक्टोबर २०२५ पासून परदेशी नागरिकांसाठी ई-अरायव्हल कार्ड आहे. उतरण्याच्या आधीच्या ७२ तासांत ते ऑनलाइन भरायचं. त्याला पैसे पडत नाहीत, कुणी मागितले तर ते संकेतस्थळ खोटं समजा. हे कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे. दोन्ही लागतात.

नैरोबी, कंपाला किंवा लुआंडाहून येणाऱ्यांनी पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र बरोबर ठेवावं. लस घेतल्यापासून १० दिवसांनी ते ग्राह्य होतं. नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात.

मधल्या काळात पासपोर्ट बदलला आणि व्हिसा जुन्यावर असेल तर दोन्ही पासपोर्ट बरोबर आणायचे. जुना कोपरा कापून परत मिळालेला असला तरी आणायचा.

घरी उतरल्यावर तुमचं काम: सी-फॉर्म

सी-फॉर्म म्हणजे परदेशी पाहुणा उतरल्याची सरकारला द्यायची माहिती. हा नियम हॉटेलवाल्यांचा आहे, असा गोव्यात सार्वत्रिक समज आहे. खरं तर परदेशी नागरिकाला आपल्या घरात उतरवणाऱ्या कुणालाही तो लागू आहे, मग उतरणारी तुमची सख्खी नात का असेना. ती पोचल्यापासून २४ तासांच्या आत माहिती ऑनलाइन द्यायची असते. त्यासाठी घरमालकाला आधी परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर खातं उघडावं लागतं, ओळखीचा आणि घराचा पुरावा चढवावा लागतो आणि ते मंजूर व्हावं लागतं. पाहुणे दारात आल्यावर खातं उघडायला बसलात तर २४ तास निघून जातात. दोन आठवडे आधी खातं करून ठेवा. मग पासपोर्ट व व्हिसा क्रमांक, फोटो, कुठून आले, कधी आले आणि कधी जाणार एवढं भरून पावती जपून ठेवायची. मधे ते चार दिवस दुसऱ्या नातेवाइकाकडे राहायला गेले तर तिथला फॉर्म त्या घरच्यांनी भरायचा. पुढे मुदतवाढ, नोंदणी किंवा एक्झिट परमिट (देश सोडण्याची परवानगी) मागायची वेळ आली की ही पावती पहिल्यांदा विचारतात.

१८० दिवसांहून जास्त राहायचं असेल किंवा व्हिसाच्या स्टिकरवर नोंदणीचा उल्लेख असेल तर एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे, नोंदणी लागते, आणि स्टिकरवर १४ दिवस लिहिलेले असतील तर ते उतरल्या दिवसापासून मोजायचे. गोव्यासाठीचं कार्यालय पणजीत आहे, पण अर्ज ई-एफआरआरओ पोर्टलवरूनच करायचा. बोलावलं तरच जायचं. ‘एका खेपेचा मुक्काम १८० दिवसांपेक्षा जास्त नसावा’ असं स्टिकरवर असेल तर १८१ वा दिवस गोव्यात उजाडू देऊ नका.

मुदत संपून राहिलं तर दंड भरून आणि एक्झिट परमिट घेऊनच बाहेर पडता येतं, आणि पुढच्या व्हिसावर त्याची सावली पडते. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायद्यात यासाठी तुरुंगवासाचीही तरतूद आहे. आजारपणामुळे निघता येत नसेल तर मुदत संपण्याआधी डॉक्टरच्या दाखल्यासह पोर्टलवर अर्ज करा. संपल्यानंतर केलेला अर्ज वेगळ्या नजरेनं पाहिला जातो.

टुरिस्ट व्हिसावर येऊन गोव्यात भारतीय नागरिकाशी लग्न केलं तर त्याच्या आधारे एंट्री व्हिसात बदल मागता येतो, पण चालू व्हिसाची मुदत शिल्लक असतानाच. अडचण अशी की गोव्यात नोंदणी दोन टप्प्यांत होते, दोन सह्यांमध्ये काही दिवस जातात, आणि परदेशी व्यक्तीकडे अविवाहित असल्याचा दाखलाही मागतात. ३० दिवसांच्या व्हिसात हे बसवणं फार अवघड. लग्नासाठी येणाऱ्यानं निदान वर्षाचा ई-टुरिस्ट घ्यावा आणि अविवाहित असल्याचा दाखला अपोस्टिल करूनच विमानात बसावं.

ओसीआय कधी

दर दोन वर्षांनी येणाऱ्या नातवंडांसाठी शेवटी ओसीआय कार्डच परवडतं. आयुष्यभर कितीही वेळा येता येतं आणि एफआरआरओकडे नोंदणी लागत नाही. शुल्क परदेशातून अर्ज केल्यास २७५ डॉलर किंवा तेवढं स्थानिक चलन, भारतातून केल्यास १५,००० रुपये. भारतीय नागरिकाच्या पती-पत्नीला नोंदणीकृत विवाहाला सलग दोन वर्षं झाल्यावरच अर्ज करता येतो. तोवर एंट्री व्हिसा. घटस्फोट झाला तर विवाहाच्या आधारे मिळालेलं कार्ड जातं.

१५ ऑगस्ट १९४७ नंतर भारतात सामील झालेल्या प्रदेशातली माणसं आणि त्यांची मुलं, नातवंडं, पतवंडं ओसीआयला पात्र आहेत. गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला, म्हणून आजोबा कधीच भारतीय नागरिक झाले नसतील, मुक्तीआधीच मोझांबिकला गेले असतील, तरी त्यांच्या गोव्यातल्या जन्मनोंदीवर नातवाचा हक्क उभा राहतो. तेओर इथेही कामाला येतं. आईवडील किंवा त्यांच्या आधीच्या पिढीत कुणी पाकिस्तान वा बांगलादेशचं नागरिक असेल तर मात्र ओसीआय मिळत नाही.

टुरिस्ट व्हिसावर येऊन गोव्यातून ओसीआयचा अर्ज करता येत नाही. भारतातून करायचा तर एंट्री व्हिसासारख्या व्हिसावर इथे सहा महिने वास्तव्य झालेलं असावं लागतं. सुट्टीत येऊन काम उरकू म्हणणाऱ्यांनी अर्ज आपापल्या देशातूनच द्यावा. कार्ड मिळाल्यावर २० वर्षांखालील मुलाचा पासपोर्ट जेव्हा जेव्हा बदलेल तेव्हा नवा पासपोर्ट आणि फोटो ओसीआय पोर्टलवर चढवायचा, आणि २० पूर्ण झाल्यावर नवा पासपोर्ट काढला की कार्ड एकदा नव्यानं करून घ्यायचं.

इथे असताना पासपोर्ट हरवला तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात तक्रार द्या. मग त्या देशाच्या वकिलातीकडून नवा पासपोर्ट किंवा तातडीचा प्रवासी दाखला मिळवा आणि ई-एफआरआरओवर एक्झिट परमिटचा अर्ज करा. परमिटशिवाय विमानतळावर सोडत नाहीत. म्हणून पाहुणे आले त्या रात्रीच सगळ्यांच्या पासपोर्टची आणि व्हिसाची पानं आणि पासपोर्टवरचा उतरल्याचा शिक्का यांचे फोटो काढून स्वतःच्या फोनमध्ये ठेवा.